हुबेहूब कुणासारखं?

जालन्याहून मंठ्यामार्गे जिंतूरला निघालं की वाटेत सेलूचा रस्ता फुटतो, तो देवगाव फाटा. लग्नसराईत इथे चहाला थांबलात तर साउंडवाल्यांचं भांडण फुकट ऐकायला मिळतं. एक म्हणतो, मशीन घ्यावं तर आहुजाचं, रात्रभर वाजवा, दगा देत नाही. दुसरा म्हणतो, भजनाला ठीक आहे ते, वरातीला जेबीएलच पाहिजे. तिसऱ्याने साउंडचा धंदा कधी केलेला नाही. तो फक्त 'बोसचा नाद करायचा नाही' एवढं बोलतो आणि बशीत चहा ओततो. मशीन म्हणजे ॲम्प्लिफायर. मशीन, बेस-टॉपची खोकी, जनरेटर आणि टेम्पो असं सगळं मिळून जे होतं, त्याला आपल्याकडे डॉल्बी म्हणतात.

या डॉल्बीची मोठी गंमत आहे. रे डॉल्बी यांनी 1965 साली लंडनमध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर घालवायला. गाण्यामागे जो बारीक 'स्स' ऐकू येतो, तो दाबायची युक्ती त्यांनी शोधली. त्यांच्या नावाचा शिक्का कॅसेट प्लेअरवर आला, मग सिनेमाच्या पडद्यावर आला, आणि चांगला आवाज म्हणजे डॉल्बी असं लोकांच्या डोक्यात बसलं. तिथून ते नाव वरातीच्या टेम्पोवर कधी चढलं, कळलंही नाही. आता सातारा-कोल्हापूरकडे डॉल्बीमुक्त गणेशोत्सवाच्या शपथा घेतल्या जातात. नको असलेला आवाज कमी करणाऱ्याचं नाव नको असलेल्या आवाजालाच चिकटलं.

फाट्यावर जे भांडण वीस-पंचवीस हजारांच्या मशीनवरून चालतं, तेच पुण्या-मुंबईत आणि न्यू जर्सीत लाखांच्या सेटवरून चालतं. मॅकिन्टॉशच्या ॲम्प्लिफायरचे निळे मीटर पाहिले की एकाचे हात जोडले जातात आणि दुसरा म्हणतो, दिव्यांचेच पैसे घेतात. लिनच्या टर्नटेबलचं, मार्क लेव्हिन्सनच्या ॲम्प्लिफायरचं तेच. बरीच वर्षं मला वाटायचं, यातला कुणीतरी एक बहिरा असणार. दोघांचेही कान शाबूत आहेत, हे उमगायला मला बरंच मागे जावं लागलं.

अगदी मागे गेलं तर निकष सोपा होता: हुबेहूब. कुत्र्याच्या छापाची रेकॉर्ड आपल्या आजोबांना ठाऊक होती. मालकाचा आवाज ओळखून कर्ण्यापुढे बसलेला तो कुत्रा म्हणजे हुबेहूबपणाची जाहिरातच. त्या चित्रात आधी एडिसनचं सिलिंडरवालं यंत्र होतं. 1899 साली चित्रकाराने त्यावर रंग फासून ग्रामोफोन काढला आणि चित्र ग्रामोफोन कंपनीला विकलं. खुद्द एडिसनच्या कंपनीने 1915 पासून अमेरिकेत गावोगाव प्रयोग लावले. रंगमंचावर गायिका आणि शेजारी यंत्र, दिवे घालवायचे, आणि लोकांनी ओळखायचं की गातंय कोण. लोक फसत. त्यातल्या ॲना केस या गायिकेने म्हातारपणी सांगून टाकलं, की मी माझा आवाज त्या यंत्रासारखा करून गायचे. म्हणजे नक्कल माणसाने यंत्राची केली आणि बक्षीस यंत्राला मिळालं!

दुसऱ्या महायुद्धानंतर हा कारभार इंजिनियरांनी हाती घेतला. हॅरोल्ड लीक यांचा 1945 चा ॲम्प्लिफायर आवाजात फक्त 0.1 टक्का बिघाड करतो, हीच त्याची ख्याती होती. आता भांडण मिटायला हवं होतं, कारण आकडा खोटं बोलत नाही. पण सगळ्यांचेच आकडे चांगले येऊ लागले, तरी लोक म्हणत राहिले की हा गोड वाजतो आणि तो कोरडा. 1962 साली अमेरिकेत 'स्टिरिओफाइल' मासिक निघालं ते हेच म्हणत, की मीटर बाजूला ठेवा आणि कानाने ठरवा. 1973 च्या 'ॲब्सोल्यूट साउंड'ने कसोटीही सांगितली: खऱ्या जागेत, माइकशिवाय वाजलेलं संगीत. यंत्र त्याच्या किती जवळ जातं ते पाहायचं.

कसोटी चोख आहे, मला ती पटलेलीही होती. एकदा एका वाड्यात माइकशिवायची बैठक ऐकली. तंबोरे इतके हळू बोलत होते की शेजाऱ्याच्या खोकल्यात बुडून जात. तबल्याच्या डग्ग्यात घुमारा होता, पण छातीवर धडक नव्हती. घरी येऊन तीच चीज स्पीकरवर लावली तर सगळं तुपात तळल्यासारखं वाटलं. महिनाभर मी बेसचं बटण उतरवून बसलो होतो.

आमच्या मामांनी ते ऐकलं आणि म्हणाले, 'स्पीकर बिघडलाय का रे? आवाज पिचका येतोय.'

मामांनी प्रल्हाद शिंदे ऐकले ते जत्रेत, लिंबाला बांधलेल्या कर्ण्यावरून. पत्र्याच्या त्या भोंग्यातून आवाज पुढे फेकला जातो, खालचे सूर गळून पडतात, मधले टोकदार होतात आणि शिवारापलीकडे पोचतात. मामांच्या कानात प्रल्हाद शिंदे तसेच आहेत. माझ्या आजोबांना विचारलं असतं तर त्यांनी व्हॉल्व्हच्या रेडिओवरचं परभणी आकाशवाणीचं मिडियम वेव्ह सांगितलं असतं. त्यात वरची धार कापलेलीच असते, म्हणून आवाज उबदार लागतो. आणि फाट्यावरच्या पोरांची ओळख टेम्पोवरच्या बेसशी. यातलं मूळ कुठलं? प्रल्हाद शिंदे समोर बसून, माइकशिवाय गाताना आमच्या गावात कुणीच ऐकलेले नाहीत. हुबेहूब म्हणायचं, पण कुणासारखं?

स्टुडिओत तरी मूळ सापडेल म्हणावं, तर तिथेही पंचाईत. ध्वनिमुद्रक गाण्याचा तोल साधतो तो त्याच्या समोरच्या स्पीकरवर ऐकून. 1978 साली आलेला यामाहाचा एनएस-10, पांढऱ्या कोनचा, जगभरच्या स्टुडिओंत असा बसला होता. त्याचा आवाज फार सुंदर म्हणून त्याला कुणी ठेवलं नव्हतं. त्यावर बरं वाजलं की कुठेही बरं वाजतं, असा भरवसा होता. कॅनडाचे ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांनी हा घोळ नेमका पकडला: आपण स्पीकर पारखतो गाण्यांवर, आणि ती गाणी घडतात स्पीकरवर. वर्तुळाला सुरुवातच नाही.

बोसचं प्रकरण तर कोर्टात गेलं. अमर बोस हे इंग्रजांच्या राजवटीतून निसटून अमेरिकेत गेलेल्या बंगाली बापाचे चिरंजीव, एमआयटीत प्राध्यापक. 1964 साली कंपनी, 1968 साली 901 हा स्पीकर. त्यात नऊ कोन, एक श्रोत्याकडे आणि आठ मागच्या भिंतीकडे तोंड करून, कारण सभागृहात आपल्याला जास्त आवाज भिंतींवरून परतलेलाच ऐकू येतो. 1970 साली ग्राहकांच्या एका मासिकाने लिहिलं की यावर व्हायोलिन दहा फूट रुंद वाटतं आणि वाद्यं खोलीभर भटकतात. बोस म्हणाले, खोलीभर नाही, भिंतीच्या कडेने! 'खोलीभर' की 'भिंतीकडेने' यावर वर्षानुवर्षं खटला चालला. 1984 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात बोस हरले. पण हरले ते वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर. व्हायोलिन किती फूट रुंद असावं, हे ठरवणं न्यायमूर्तींचं कामच नव्हतं.

टूल आणि त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह यांनी 1994 साली चाळीस जणांना चार स्पीकर ऐकवले, आधी पडद्याआड आणि मग समोर ठेवून. दिसू लागताच गुण बदलले, मोठे महाग स्पीकर वर गेले आणि छोटा स्वस्त संच खाली आला. त्याहून मला खटकलं ते पुढचं. पडद्याआड असताना स्पीकरची जागा हलवली की लोकांना फरक कळत होता. डोळे उघडल्यावर तोही फारसा कळेना. ऐकणारी मंडळी ध्वनियंत्रांच्याच कंपनीत नोकरीला होती.

याचा एक गावठी प्रयोग मी फाट्यावर केला. दुकानात दोन मशीन ठेवली, त्यावर चादर टाकली आणि सांगितलं की आता पहिलं वाजतंय, आता दुसरं. खरं तर दोन्ही वेळा एकच मशीन होतं. दुसऱ्या वेळी आवाजाचं बटण जेमतेम एक खूण पुढे होतं. पाचांपैकी चौघांनी दुसरं 'भरीव' म्हणून निवडलं. यात त्यांची चूक नाही. आवाज थोडा वाढला की खालचे सूर कानाला जास्तच भरतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 सालीच मोजून दाखवलं होतं आणि स्टिरिओ विकणाऱ्यांना ते पाठ असतं. चादर काढून हकीकत सांगितली तेव्हा पाचवा मात्र रागावला. त्याने दुसरं निवडलं नव्हतं, कारण ते आपल्या आवडत्या ब्रँडचं नसणार अशी त्याची खात्री होती.

ब्रँड म्हणजे नुसती फसवणूक, असं मात्र मी म्हणणार नाही. रात्रभर न तापणारं मशीन, कॉइल जळाली तर सेलूत मिळणारा सुटा भाग, वीस वर्षांनी येणारी किंमत, या खऱ्या गोष्टी आहेत. त्यावर वाद झाला तर मिटतोही. गोड, कोरडा, भरीव यांवरचा मिटत नाही, कारण प्रत्येकजण आपल्या पहिल्या कर्ण्याची बाजू लढवत असतो.

नोव्हेंबर 2024 मध्ये बोसने मॅकिन्टॉश विकत घेतली. ज्या मंडळींनी आयुष्यभर बोसला नाक मुरडलं, त्यांचे निळे मीटर आता बोसच्या घरात आहेत. फाट्यावर ही बातमी सांगितली तेव्हा दोघांनी विचारलं, मॅकिन्टॉश कोण? तिसऱ्याने बशी खाली ठेवली आणि म्हणाला, 'मी काय म्हणत होतो!'

त्याने बोसचा स्पीकर अजून ऐकलेला नाही.