मोगऱ्याचं पाणी

पुस्तकातला वसंत वेगळा आणि आमच्याकडचा वेगळा. पुस्तकात मंद वारे वाहतात. आमच्याकडे चैत्र सरता सरता दुपारी बांधावर पाय ठेवला, तर चटका चपलेतून वर येतो. काळी भेगाळलेली, ओढा कोरडा, गुरं सावली धरून उभी. तरी वसंत खोटा नसतो. कडुनिंबाला मोहोर येतो आणि रात्री अंगणात बाज टाकून पडलं, की तो बारीक गोडसर वास अंगावर उतरतो. बहावा पिवळ्या झुंबरांनी लगडतो. चिंचेला कोवळी पालवी, आंब्याला कैऱ्या. वर ढग नाही, खाली ओल नाही, आणि झाडं नेमकी याच वेळेला नटतात. त्यांची मुळं आपल्या विहिरींपेक्षा खोल गेलेली असावीत.

मोगऱ्याचं तसं नाही. मोगऱ्याला उन्हाळ्यात वरून पाणी लागतं. त्याचं फूल कोणाच्या तरी हातच्या पाण्यावरच उमलतं.

यंदा आखितीच्या आधी चार दिवस गावी गेलो होतो. नोकरी संपली, शहरातलं घर आता दोघांनाच मोठं वाटतं, आणि गावाकडच्या आठवणींचं एक पुस्तक डोक्यात कधीचं घोळतंय. शहरात बसून ते होईना. म्हणून ठरवलं, की आखिती गावी करायची आणि तिथूनच म्हैसमाळला जायचं. तिथं ओळखीच्या एकानं आठ दिवस खोली देऊ केली होती. वर हवा जरा थंड, माणूस कमी, फोनला रेंज धड नाही. लिहिणाऱ्याला आणखी काय हवं?

तसा आपल्याकडे लेखनाचा एकांत बहुतेक तुरुंगानंच पुरवला. टिळकांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या कोठडीत लिहिलं, साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ 1933 साली नाशिकच्या तुरुंगात. माझ्यासारख्याला कोणी कोंडत नाही, म्हणून आपला आपणच एकांत शोधायचा. पण खरं सांगायचं, तर मला जायचंच नव्हतं. चार दिवस मी परसात नुसता बसून होतो. सकाळी उठावं, मोगऱ्याच्या कळ्या पाहाव्यात, बुलबुलाची जोडी लिंबोणीत काय करते ते पाहावं, वहिनीनं केलेलं कैरीचं पन्हं प्यावं. चौथ्या दिवशी वहिनी म्हणाली,

“भाऊजी, लिहायला जायचं म्हणून आलात ना? चार दिवस झाले, मोगऱ्यापासून हलला नाहीत.”

मी हसलो. ती चेष्टेनं बोलली होती, पण बरोबर बोलली होती. जे लिहायला मी चाललो होतो, ते त्या मोगऱ्याच्या आळ्यातच होतं. म्हणून तर तिथून उठवत नव्हतं.

हा मोगरा मायच्या हातचा. मूळ झाड आता नाही. पण फांदी वाकवून मातीत दाबायची, तिला मुळं फुटली की तोडून वेगळी लावायची, असं करत करत तेच झाड पन्नास वर्षं आमच्या परसात आहे. आज त्याला बोअरचं पाणी ठिबकनं मिळतं. पुतण्या मोबाइलवरून मोटार चालू करतो. मायच्या वेळी मोगऱ्याला तोंड धुतलेलं, भांडी विसळलेलं पाणी जायचं. चांगलं पाणी कधीच नाही, हा तिचा नेम होता.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा मी लहान होतो. 1973 चा उन्हाळा मला लख्ख आठवतो, तेव्हा मला नववं लागलं होतं. गावातली निम्मी माणसं खडी फोडायला नाहीतर पाझर तलावाच्या कामावर. आम्हा पोरांना सुकडी मिळायची, घरात तांबड्या मिलोची भाकर. गावातले आड आटले होते. आमच्या मळ्यातल्या विहिरीला तळाशी एक झिरा होता. रात्रभरात जेवढं साचेल, तेवढं सकाळी शेंदायचं. पुन्हा दिवसभर साचू द्यायचं आणि दिवस कलताना शेंदायचं. सात-आठ पोहरे, फार तर दहा.

खालच्या वस्तीचा आड तर सगळ्यांच्या आधी गेला. त्या वस्तीला तेव्हा गाव जातीच्या नावानं ओळखायचं. तिथल्या बाया आमच्या विहिरीवर यायच्या, पण विहिरीवर चढायच्या नाहीत. लांब घागर ठेवून उभ्या राहायच्या. आमच्यातल्या कोणी शेंदायचं आणि वरून, न शिवता, त्यांच्या घागरीत ओतायचं. माय कोणाला रिकामं पाठवत नसे. ती दयाळू होती, असं सगळे म्हणतात आणि ते खरंच आहे. पण ती दया काठावरून खाली ओतायची होती. त्या बाईनं स्वतःचा पोहरा विहिरीत सोडावा, असं मायच्या मनात कधी आलं नाही. आमच्या कोणाच्याच आलं नाही.

आमच्या बांधावरून देवगिरीचा किल्ला दिसतो. 1934 साली बाबासाहेब आंबेडकर सोबत्यांसह तो पाहायला आले होते. प्रवासाची धूळ होती, म्हणून दारापाशीच्या टाक्यातल्या पाण्यानं त्यांनी हातपाय धुतले. तेवढ्यावरून टाकं बाटवलं म्हणून गलका झाला. शेवटी किल्ला पाहायला मिळाला, तो पाण्याला कुठं शिवायचं नाही या अटीवर, शिपाई बरोबर घेऊन. महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन सात वर्षं झाली होती तेव्हा. हे मी पुढं कॉलेजात वाचलं. वाचलं तेव्हा पहिल्यांदा किल्ला नाही, आमची विहीर डोळ्यांसमोर आली.

त्या दिवशी संध्याकाळी माय आजारी आत्याकडे गेली होती. जाताना मला सांगून गेली, “खालची आजी यील. तिची घागर भर. मग तुमचं.” खालची आजी म्हणजे त्या वस्तीतली एक म्हातारी. दिवसभर खडी फोडून ती यायची. मी शेंदायला लागलो. घरचा हंडा भरला. पुढचा पोहरा निम्माच आला, गढूळ. त्याच्या पुढचा तसाच. ते दोन्ही मी बादलीत एकत्र केले. आणखी दोन पोहरे तरी खाली होते, दिसत होतं मला.

मोगऱ्याला तेव्हा तीन कळ्या होत्या. मी रोज मोजायचो. मायला घरी नसल्यानं त्या दिवशी मोगऱ्याला धुणं-विसळण्याचं पाणी गेलंच नव्हतं. पानं मलूल झाली होती, कळ्या माना टाकायला लागल्या होत्या. मी बादली उचलली, परसात नेली आणि आळ्यात ओतली. माती चर्रकन पाणी प्याली.

वळलो तर आजी कुंपणापाशी उभी. कडेवर घागर.

मी म्हणालो, “आजी, पाणी सरलं. उद्या ये.”

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग ओल्या आळ्याकडं पाहिलं. ती म्हणाली, “व्हय बाळा. त्याला बी जीव हाय.” आणि रिकामी घागर घेऊन गेली.

पुढं काही झालं नाही. कोणी मेलं नाही. दुसऱ्या दिवशी मायनं तिची घागर भरली, आजी काही बोलली नाही, मीही नाही. तिन्ही कळ्या फुलल्या. मायनं एक देवाला वाहिली, दोन केसांत माळल्या. काही झालं असतं, तर गावानं लक्षात ठेवलं असतं. काहीच झालं नाही, म्हणून ते ओझं एकट्या माझ्याकडं राहिलं.

आता मोठेपणी प्रश्न पडतो तो असा, की ते वाक्य काय होतं? मी अनेक वर्षं त्याला क्षमा समजत आलो. मनाला बरं वाटायचं. एका थोर मनाच्या म्हातारीनं एका पोराला माफ केलं, अशी गोष्ट मी दोन-चार ठिकाणी सांगितलीसुद्धा. नंतर लक्षात आलं, की ज्याला ‘नाही’ म्हणायची सोय नाही, त्याच्या ‘हो’ला क्षमा म्हणता येत नाही. ती भांडली असती, तर उद्याची घागरही गेली असती. मग वाटलं, तो टोमणा असेल. झाडाला जीव आहे हे तुला कळतं, एवढंच ती सांगून गेली असेल.

पैठण आमच्यापासून लांब नाही. नाथांची गोष्ट शाळेत दरवर्षी सांगायचे. रामेश्वराला न्यायच्या कावडीतलं गंगेचं पाणी त्यांनी वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजलं. मी शिक्षक झाल्यावर ही गोष्ट मुलांना मीही सांगितली. सांगताना दरवेळी घसा कोरडा पडायचा. नाथांनी देवाचं पाणी तहानलेल्याला दिलं. मी तहानलेल्याचं पाणी मोगऱ्याला दिलं.

काही वर्षांपूर्वी त्या आजीचा नातू शहरात भेटला. तो माझ्याहून लहान, शिकलेला, चांगल्या नोकरीत. चहा पिताना मी धीर करून सगळं सांगितलं. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, “सर, हे लिहायचं तर लिहा. फक्त आमच्या आजीला बिचारी करू नका. कामावर मापात मारायला लागला, तर ती मुकादमाच्या हातातली टेप ओढून घ्यायची.”

हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे तिला भांडता येत होतं. मग माझ्याशी का भांडली नाही? पोर म्हणून? कदाचित त्या वाक्यात खरंच माया असेल. की दिवसभर मुकादमाशी भांडून ती दमली होती? मला ते कधीच कळणार नाही. आणि न कळलेल्या वाक्यावर आपल्या सोयीचा अर्थ चिकटवून ते पुस्तकात घालायचं, हे पुन्हा तिच्याच घागरीतलं पाणी घेऊन माझा मोगरा शिंपणं नाही का? लोक म्हणतील, किती प्रांजळ लिहिलंय. फुलं माझ्या घरी, घागर तिची रिकामीच.

मग लिहूच नये का? तेही पटत नाही. न लिहिलं तर आमच्या घरात एवढंच शिल्लक राहील, की माय कोणाला रिकामं पाठवत नसे. आणि ते पुरतं खरं नाही. एकदा पाठवलं होतं. तिनं नाही, मी.

मग परसातला आनंद तरी घ्यावा की नाही, असंही वाटून गेलं. पण मोगऱ्याकडं पाठ करून कोणाची घागर भरत नाही. मी वास घेत होतो, चांगला भरभरून घेत होतो. वास गोडच होता. त्या पाण्याची आठवण त्यात होती म्हणून तो कडू झाला नाही, आणि गोड आहे म्हणून आठवण पुसली गेली नाही. दोन्ही एका आळ्यात राहतात. आनंद घेताना तो कुणाच्या पाण्यावर उभा आहे हे विसरू नये, एवढं मात्र मला माझ्यापुरतं कळलं.

आखितीला आमच्यात पितरांच्या नावानं पाण्यानं भरलेली घागर देतात आणि त्यानंतरच घरात आंबा खातात. यंदा दादानं आजा-पणज्यांची, बाची, मायची नावं घेतली. मी दुसरी घागर भरून ठेवली होती. दादानं विचारलं, “ही कुणाची?” मी नाव सांगितलं. नातवाकडून विचारून घेतलं होतं, तोवर आमच्या घरात ती फक्त ‘खालची आजी’ होती. ते नाव इथं लिहीत नाही, ते त्यांच्या घरचं आहे. दादा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “माय भरायची तिची घागर.” मी म्हणालो, “व्हय. एक दिवस सोडून.” बाकीचं रात्री बाजेवर पडल्या पडल्या त्याला सांगितलं. तो काही बोलला नाही, पण झोपलाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी निघताना वहिनीनं मूठभर मोगरा ओल्या फडक्यात बांधून पिशवीत घातला. म्हैसमाळला पोचेपर्यंत फुलांच्या कडा तांबूस झाल्या होत्या, वास मात्र होता. खोलीत एक टेबल, एक खुर्ची, खिडकीतून दिसणारा माळ. फुलं वाटीत ठेवली, वही उघडली आणि पहिली ओळ लिहिली :

त्या दिवशी विहिरीत पाणी होतं.