सुंभ आणि पीळ

दिवाळीच्या आधी आठ दिवस मी घोटावड्याला पुतण्याकडे राहायला गेलो होतो. मुळशी तालुक्यातले हे गाव मी लहानपणापासून पाहत आलो आहे. पूर्वी या दिवसांत चहूकडे पिवळी पडलेली भाताची खाचरेच दिसत. आज हिंजवडी-माणच्या बाजूने इमारती पुढे सरकत आल्या आहेत, फाट्यावर गर्दी मावत नाही. पण उरलेल्या खाचरांतून भातकापणी अजून चालते, आणि दिवाळी आली की अंगणात किल्ला अजून होतो. पुतण्याच्या नऊ वर्षांच्या मुलाने दगड-मातीचा ढीग रचून, वर पोते अंथरून त्याला चिखलाने लिंपले होते. उतारावर पेरलेले हळीव उगवू लागले होते. हा कोरीगड आहे, असे मला बजावून सांगण्यात आले.

आमच्या लहानपणी किल्ल्यावरची चित्रे मातीची असत. पुण्याच्या कुंभारवाड्यातून ती कागदात गुंडाळून आणायची, आणि घरी पोहोचेपर्यंत एखाद्या मावळ्याचे मुंडके उडालेले असायचे. आता मावळे प्लॅस्टिकचे. ते फुटत नाहीत. त्यांना दुसरे दुखणे असते. पिशवीत वर्षभर दाबून राहिलेले ते सैन्य मुलाने जमिनीवर ओतले, तेव्हा निम्म्या मावळ्यांच्या तलवारी वाकलेल्या होत्या. "आजोबा, हे लढणार कसे? ह्यांच्या तलवारी लोळतायत," तो म्हणाला. मी एक तलवार चिमटीत धरून सरळ केली. सोडताच ती पुन्हा लोळली.

माझा पुतण्या पिरंगुटच्या बाजूला एका कारखान्यात साच्यांवर काम करतो. तो हसला. "काका, असं नाही जमायचं," म्हणत त्याने पातेल्यात पाणी तापवले, सांडशीत एक मावळा धरला आणि त्या पाण्यात बुडवला. आणि मी जे पाहिले, त्याने माझी झोप दोन रात्री उडवली. कुणी हात लावला नाही, ओढले नाही. ती वाकडी तलवार पाण्यात आपली आपण सरळ होत गेली. झोपेतून उठलेला माणूस अंग ताणतो तशी. मग पुतण्याने तो मावळा थंड पाण्यात टाकला, आणि तलवार सरळच्या सरळ राहिली.

त्याने मला कारण समजावून दिले. प्लॅस्टिकचे रेणू म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या लांबच लांब साखळ्या. साच्यात रस थिजतो तेव्हा या साखळ्यांची जी बैठक बसते, ती त्या वस्तूची मूळ बैठक. थंडपणी दाबले तर वस्तू वाकते, पण आतला ताण तसाच राहतो. ठराविक उष्णतेला साखळ्यांना हालचालीची मोकळीक मिळते. कडक पीव्हीसीला ही उष्णता सुमारे 80 अंश सेल्सिअस लागते, पॉलिस्टायरीनला सुमारे 100, मऊ जातींना पुष्कळच कमी. मोकळीक मिळाली की वस्तू आपल्या पहिल्या रूपाकडे धावते. हीच युक्ती उलटीही वापरता येते. ऊन पाण्यातून काढलेल्या मावळ्याचा हात हवा तसा वळवायचा, तसाच धरून थंड पाण्यात बुडवायचा. नवा आविर्भाव कायम होतो. हौशी माणसे छोट्या पुतळ्यांना याच रीतीने बसवतात, उठवतात, धावायला लावतात. पुतण्याने एका मावळ्याची कंबर वाकवून त्याला मुजरा करणारा द्वारपाल बनवला. मुलगा खूष झाला. "पण याला पुन्हा गरम पाण्यात टाकू नकोस हं," बाप म्हणाला, "नाहीतर हा परत ताठ होईल."

या एका वाक्यापाशी माझे मन अडकले.

सुंभ जळतो पण पीळ जळत नाही, असे आपण म्हणतो, आणि म्हणताना आपल्या स्वरात तिरस्कार असतो. ज्याचे सर्वस्व गेले तरी ज्याची ऐट गेली नाही, अशा माणसाला हिणवण्यासाठी ही म्हण आपण राखून ठेवली आहे. पण त्या दिवशी पातेल्यापाशी बसून मला प्रथमच वाटले, की ही म्हण आपण एका बाजूनेच वाचत आलो. आगीलाही जो पीळ नाहीसा करता आला नाही, तो कदाचित त्या सुंभाचा दोष नसेल. तेच त्याचे सत्त्व असेल. आणि हा विचार मनात येताच मला एक जुना विद्यार्थी आठवला. खरे म्हणजे तो मी कधी विसरलोच नव्हतो.

मी नुकताच शिक्षक झालो होतो. 1974 साल असावे. माझ्या वर्गात एक डावखुरा मुलगा होता. डाव्या हाताने तो सुरेख चित्रे काढी. बैल, बैलगाडी, झाडावर बसलेला खंड्या. चार रेघांत जिवंत करी. पण बाकावर तो लिहू लागला की त्याचे कोपर शेजाऱ्याच्या उजव्या कोपराला लागे, आणि तक्रार होई. शिवाय तपासणीला साहेब यायचे होते, आणि माझ्या वर्गाची शिस्त डोळ्यांत भरावी अशी मला हौस होती. मी त्याला उजव्या हाताने लिहायला लावले. छडी फारशी वापरली नाही. वर्गाचे हसणे वापरले. छडीपेक्षा त्याची धग जास्त असते. तीन महिन्यांत तो उजव्या हाताने लिहू लागला. त्याच्या वडिलांनी येऊन माझे आभार मानले. मुलाला वळण लागले, असे सारेच म्हणाले. चित्रे काढणे त्याने सोडून दिले, ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. माझ्या आली होती. मी तिला महत्त्व दिले नाही.

काही वर्षांपूर्वी एका इस्पितळात तो मला दिसला. डोक्यावरचे केस पांढरे, पण चेहरा तोच. त्याच्या पत्नीला शस्त्रक्रियेसाठी आत नेत होते, आणि एका परिचारिकेने त्याच्यापुढे संमतीचा कागद धरला होता. त्याचे हात कापत होते. त्याने पेन घेतले ते डाव्या हातात, आणि त्याच हाताने तो नाव लिहू लागला. इतक्यात त्याची नजर वर गेली आणि त्याने मला ओळखले. त्या क्षणी, घरातले माणूस आत मृत्यूच्या दारात असताना, साठीला आलेल्या त्या गृहस्थाने पेन निमूटपणे उजव्या हातात घेतले.

त्याची पत्नी बरी झाली. आम्ही दोघे चहा प्यालो, मुलाबाळांविषयी बोललो. त्या पेनाविषयी दोघांपैकी कुणीच काही बोलले नाही.

आज त्या प्रसंगाकडे पाहताना मला वाटते, की संकटाच्या उष्णतेत तो क्षणभर आपल्या मूळ रूपाकडे वळला होता, आणि माझे दर्शन हे त्याच्यावर ओतलेले थंड पाणी होते. पन्नास वर्षांपूर्वी मी जे केले त्याला मी संस्कार म्हणत होतो. ते पातेले, सांडशी आणि थंड पाणी यांहून काही निराळे होते का?

येथे वाचक मला अडवतील, आणि ते योग्यच होईल. ते म्हणतील, मग मुलांना वळण लावूच नये की काय? बुरूड बांबू शेकून वाकवतो म्हणूनच त्याचे काही उपयोगी होते. ज्याला कुणीच कधी वाकवले नाही, असा माणूस म्हणजे रस्त्यावर आडवी आलेली फांदी. आणि ज्या मूळ रूपाचे आपण एवढे कौतुक करता, ते तरी कुठले स्वयंभू? मावळ्याची सरळ तलवारही साच्यानेच दिलेली. माणसाचे मूळ म्हणजे घराण्याने, जातीने, बापाच्या रागाने घातलेला साचाच ना? त्यात क्रौर्य असेल, अहंकार असेल. तापल्यावर माणूस तिकडे परत गेला, तर त्याचाही गौरव करायचा का?

हा आक्षेप मी हलक्या हाताने बाजूला सारू शकत नाही. रागीट बापाचा मुलगा शांतपणाचे व्रत घेतो, दहा वर्षे पाळतो, आणि एका तापल्या क्षणी बायकोवर हात उगारतो; हेही मूळ रूपाकडे परतणेच आहे. तेव्हा मूळ ते पवित्र, असा सिद्धान्त मला मांडता येत नाही. मात्र याचेही उत्तर पुतण्याच्या बोलण्यातच होते. मी त्याला विचारले, की मुजरा करणारा तो द्वारपाल पुन्हा कधीच ताठ होऊ नये असे करता येईल का? तो म्हणाला, येईल. पण घाई चालणार नाही. पुरेशा उष्णतेत पुरेसा वेळ तो आकार धरून ठेवावा लागतो, म्हणजे साखळ्या एकमेकींवरून सरकून नव्या जागी बसतात आणि जुना ताण विरतो. उष्णता फार झाली तर नाकडोळे वितळून गोळा होतो. आणि उष्णतेवाचून, नुसत्या जोराने वाकवले, तर कडक प्लॅस्टिकवर वाकल्या जागी आधी एक पांढरी रेघ उमटते. ती मोडण्याची पूर्वसूचना.

माझ्या त्या विद्यार्थ्याने चित्रे काढायचे थांबवले, ती ती पांढरी रेघ होती. मला ती दिसली आणि मी वाकवीतच राहिलो.

म्हणून मला वाटते, की दुसऱ्याला वळण लावू पाहणाऱ्याने स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. पहिला असा, की मी जे वळवतो आहे त्याने कुणाला इजा होत होती का? उगारलेला हात कुणाला तरी लागतो. डावा हात कुणालाच लागत नव्हता, फार तर एक कोपर, आणि ते तर त्याला बाकाच्या डाव्या टोकाला बसवून सहज सुटले असते. दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. हे वळण त्याच्या हिताचे आहे की माझ्या सोयीचे? माझ्या रांगा सरळ दिसाव्यात म्हणून मी एक हात वाकडा केला. त्यात मला धग सोसावी लागली नाही, वेळ द्यावा लागला नाही. खरा बदल घडवणाऱ्याचा हातही त्या ऊन पाण्यात असावा लागतो. मी सांडशीने काम भागवले.

आता स्वतःच्या वाकण्याविषयी. मोडेन पण वाकणार नाही, या बाण्यावर आम्हा मराठी माणसांचे पिंड पोसले आहेत, आणि त्याचा उपहास करण्याची माझी छाती नाही. याच मुळशीच्या शेतकऱ्यांनी 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. धरण झाले, जमिनी बुडाल्या; पण ते व्यर्थ गेले असे म्हणवत नाही. 1665 साली पुरंदरावर दिलेरखानाने मुरारबाजीला कौल देऊ केला, तो त्याने धुडकावला आणि तो लढता लढता पडला, असे बखर सांगते. तो मोडला, वाकला नाही.

पण त्याच वर्षी, त्याच पुरंदरच्या पायथ्याशी, त्याच्या धन्याने काय केले? शिवाजी महाराजांनी मिर्झाराजे जयसिंगाशी तह केला आणि 23 किल्ले देऊन टाकले. मुरारबाजीने ज्यासाठी प्राण दिले तो पुरंदरही त्यांत होता. त्या दिवशी महाराज वाकले, हे मान्य करण्यात मला संकोच वाटत नाही. मात्र पाचच वर्षांनी, 1670 साली, कोंढाणा परत आला, पुरंदर परत आला, आणि एकामागून एक किल्ले परत येऊ लागले. काळाच्या थंडीत वाकलेली तलवार ऊन लागताच सरळ झाली. वाकताना त्यांना आपली पहिली बैठक आठवत होती. जो वाकतो आणि आपण मुळात सरळ होतो हेच विसरतो, तो लाचार. जो वाकतो आणि विसरत नाही, त्याला लाचार म्हणता येत नाही. मोडणे व वाकणे यांच्यामध्ये ही तिसरी वाट आहे, आणि संसारातल्या बहुतेक साध्या माणसांना, सुनांना, नोकरदारांना, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांना, तिच्यावरूनच चालावे लागते. त्यांना आपण उगाच भेकड म्हणतो.

माझा विद्यार्थी या तिसऱ्या वाटेनेच चालत आला होता. पन्नास वर्षे त्याचा डावा हात काही विसरला नव्हता. विसरलो होतो तो मी; किंवा विसरल्याचे सोंग करीत होतो.

दुसऱ्या रात्री मी उठून त्याला पत्र लिहिले. फार लांब नाही. झाले ते चुकीचे होते आणि चूक माझी होती, एवढे लिहिले, आणि शेवटी विचारले, अजून कधी चित्र काढावेसे वाटते का? उत्तर आलेले नाही. येईल असा माझा हक्कही नाही.

सकाळी किल्ल्यापाशी मुलगा आणखी एक मावळा घेऊन आला. इतका चेपलेला, की तो मूळचा भालाईत होता की धनुर्धारी, हे कळत नव्हते. पातेल्यातले पाणी वाफाळत होते. "आजोबा, ह्याला कुठं वळवू? घोड्यावर बसवू की पहाऱ्यावर ठेवू?"

"आधी पाण्यात नुसता सोड," मी म्हणालो, "कसा उभा राहतो ते बघू. मग ठरवू."

आणि आम्ही दोघे पातेल्यावर वाकून पाहत राहिलो.