वाट पाहण्यातली दया

परवा कात्रजच्या तळ्याकाठी शेजारचे एक गृहस्थ भेटले. त्यांचा वीस वर्षांचा मुलगा तीन महिने कॉलेजात गेलेला नाही. खिडक्या लावून बसतो, रस्त्यावरची माणसे आपल्याविषयीच बोलतात असे म्हणतो. "वय आहे, निवळेल," ते म्हणाले, आणि मग खालच्या आवाजात, "थोरलीचं लग्न ठरतंय हो."

मला त्यांचा राग आला नाही. आपण सारेच असे थांबतो, आणि त्या थांबण्याला मुलाच्या मर्जीचा मान राखणे असे गोंडस नाव देतो. पण सुरुवातीला त्याची शंका पुरती पक्की झालेली नसते; आईशी, मित्राशी तो बोलतो. मर्जी विचारायची वेळ तीच. वर्ष लोटले की बहुधा ओढाताणच उरते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सज्ञान माणसाला, पुढे आजारात आपल्यावर कसे उपचार व्हावेत हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क दिला आहे. पण लिहायचे ते मन थाऱ्यावर असताना.

प्रत्येक एकलकोंडा मुलगा आजारी नसतो, हेही खरे. (आमच्या तरुणपणी निम्मे कवी असेच दिसत.) म्हणून तर जाणत्याला दाखवायचे. डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजाराचा अनुभव घेऊन १९९७ साली याच पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन काढली. अशा घरांतली माणसे तिथे एकमेकांशी मोकळेपणी बोलू लागली. मी गृहस्थांना तिचे नाव लिहून दिले. चिठ्ठीची घडी करून त्यांनी ती खिशात ठेवली आणि विचारले, "तिथे ओळखीचं कुणी भेटणार नाही ना?"