ढालीवरचें वचन

मनुष्यानें आपलें चिन्ह आपणच निवडावें कीं नाहीं, हा प्रश्न प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटेल. बाराव्या शतकांत पश्चिम युरोपांतील सरदार ढालींवर चिन्हें रंगवूं लागले. पुढें तीं बापाकडून मुलाकडे जाऊं लागलीं, आणि ओळखीची खूण प्रतिष्ठेची खूण झाली. नीतीचा प्रश्न येथेंच उभा राहतो. चिन्हानें मिळविलेला मान मिरवावा, कीं पाळावयाचें वचन सांगावें?

१५९६ सालीं शेक्सपीअरच्या वडिलांस अशी ढाल मंजूर झाली. तिच्या सोनेरी पृष्ठावर काळा तिरपा पट्टा व त्यावर भाला होता. इंग्रजींत त्या आडनांवांतच भाला असल्यामुळें हा उघड श्लेष होता. मसुद्यांवरील फ्रेंच ब्रीदाचा अर्थ ‘हक्कावांचून नव्हे’ असा होतो. १६०२ मध्यें एका चिन्हाधिकाऱ्यानें अपात्रांस ढाली दिल्याची तक्रार केली, आणि तींत ‘नट शेक्सपीअर’ हें नांव घातलें. नटाचा धंदा हीन मानणें हा तक्रारदाराचा कोतेपणा खरा. परंतु जो हक्क सांगतो, त्यास पुरावा मागणारा भेटावयाचाच.

याउलट नील्स बोहर यांचें उदाहरण पाहावें. १९४७ सालीं डेन्मार्कनें या पदार्थवैज्ञानिकास आपला सर्वोच्च ‘हत्तीचा’ सन्मान दिला. त्याच्या मानकऱ्यांच्या ढाली फ्रेडरिक्सबोर्गच्या राजवाड्यांत लावतात. म्हणून बोहर यांनींही आपली ढाल योजिली. तींत त्यांनीं यिन आणि यांग यांचें चिनी वर्तुळ घेतलें, व ‘परस्परविरोधी तें परस्परपूरक’ या अर्थाचें लॅटिन ब्रीद घातलें. इलेक्ट्रॉनचीं लहर व कण हीं दोन्ही वर्णनें एका प्रयोगांत जुळत नाहींत, तरी दोन्ही आवश्यक असतात, हा त्यांचा १९२७ पासूनचा सिद्धांत. या ढालीवर पराक्रमाची बढाई नाहीं. विरुद्ध पक्षाचें म्हणणें ऐकण्याचें बंधन मात्र आहे.

महाराष्ट्रांत ढालींचें असें शास्त्र नव्हतें, पण मुद्रा होती. शिवाजीमहाराजांची मुद्रा पित्याचें नांव सांगते. परंतु उपमा घेते ती पूर्णचंद्राची नव्हे, तर प्रतिपदेच्या वाढत्या कोरेची. शिवाय आपण कल्याणासाठीं शोभतों, असें ती स्वतःच म्हणते.

कोणी म्हणेल, वचन लिहिणें सोपें आहे. तें खरें. परंतु कुळाचा मान पूर्वजांच्या कर्तबगारीवर टिकतो, वचन मात्र धारकाच्या वागणुकीवरच टिकतें. म्हणून स्वतःचें चिन्ह निवडण्यांत आम्हांस गैर दिसत नाहीं. मात्र त्यावरून लोकांनीं आपणांस जाब विचारावा, इतकी तयारी निवडणाऱ्यानें ठेवावी.