‘सर, एक मॉप कमी आहे’

1963 साली तेव्हाच्या औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलशी जोडलेल्या प्रसूतिगृहात एक बाई बाळंत झाल्या आणि पाठोपाठ त्यांची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर ताप हटेना, पोटदुखी थांबेना. काही दिवसांनी पोट पुन्हा उघडलं, तेव्हा आत पू झालेला होता आणि टॉवेलसारखा एक मॉप राहून गेला होता. बाई वाचल्या नाहीत. नवऱ्याचा दावा सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला तो 1996 मध्ये. मॉप पोटात राहणं हाच निष्काळजीपणाचा पुरावा आहे, आणि अनेक कर्मचाऱ्यांपैकी नेमका कोण चुकला यावरून सरकारची जबाबदारी टळत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. भरपाईच्या दृष्टीने ते योग्यच. शस्त्रक्रियागृहाच्या दृष्टीने मात्र न्यायालयाने बाजूला ठेवलेला प्रश्नच महत्त्वाचा आहे. मॉप मोजत कोण होतं? आणि एखादा कमी भरला असता, तर तसं म्हणण्याची त्या माणसाची टाप होती का?

शस्त्रक्रियागृहातला तंत्रज्ञ, म्हणजे ओटी टेक्निशियन, कसं व्हावं, याची माहिती आज बारावी सायन्सच्या मुलांना सहज मिळते. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी ही पदवी आहे, खासगी संस्थांचे डिप्लोमा आहेत, आणि सहा महिन्यांत ‘शंभर टक्के नोकरी’ देणारे फलक तर प्रत्येक जिल्ह्याच्या एसटी स्टँडसमोर आहेत. चर्चा फी किती, पगार किती, एवढ्यातच संपते. मला वाटतं, या शिक्षणाचा कस दुसरीकडे लागतो. शिकून बाहेर पडलेला मुलगा किंवा मुलगी आपल्याहून पंचवीस वर्षांनी मोठ्या सर्जनला ‘थांबा’ म्हणू शकते का, हे पाहायला हवं. हा स्वभावाचा प्रश्न आहे असं आपण समजतो. तो प्रशिक्षणाचा आणि दर्जाचा प्रश्न आहे.

मोजणीचंच घ्या. पोटाच्या शस्त्रक्रियेचे मॉप साधारणपणे पाच-पाचच्या गठ्ठ्यात येतात. एक्स-रेमध्ये दिसावेत म्हणून त्यांत एक खास धागा विणलेला असतो. मोजणी सुरुवातीला होते, पोट बंद करण्याआधी होते आणि कातडी शिवताना पुन्हा होते. वरवर पाहता पाचपर्यंत आकडे येणाऱ्या कुणालाही जमेल असं काम. पण रक्ताने भिजलेला मॉप मुठीएवढा होतो आणि आतड्यांच्या घडीत आतड्यासारखाच दिसतो. पहाटे तीनला सिझेरियनच्या टेबलावर रक्तस्राव थांबत नसताना कुणीतरी घाईने आणखी दोन गठ्ठे फोडतं आणि फळ्यावर लिहायचं राहतं. 2003 साली अमेरिकेत अशा घटनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तातडीच्या शस्त्रक्रियेत वस्तू आत राहण्याचा धोका सुमारे नऊपट आढळला, आणि ऐनवेळी शस्त्रक्रियेचा बेत बदलला तर सुमारे चौपट. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की, ज्यांत मोजणी झाली होती त्यातल्या बहुतेक प्रकरणांत कागदावर ती बरोबर भरल्याची नोंद होती.

मोजणी कमी भरली तर काय करायचं हे ठरलेलं आहे. पुन्हा मोजायचं, बादली, चादरी, जमीन शोधायची, सर्जनने पोटात हात घालून पाहायचं, तरीही सापडलं नाही तर पोट बंद करण्याआधी एक्स-रे. यात वीस मिनिटं सहज जातात. रुग्ण भुलीखाली असतो, पुढची केस बाहेर थांबलेली असते, भूलतज्ज्ञाला दुसऱ्या हॉस्पिटलात पोहोचायचं असतं. ‘सर, एक मॉप कमी आहे’ या वाक्याची एवढी किंमत असते. ते बोलणाऱ्याला आपल्या मोजणीची खात्री लागतेच, शिवाय उद्याही ही नोकरी राहील याचीही खात्री लागते.

आपल्याकडे मोजणी कागदोपत्री स्क्रब नर्सची, आणि टेबल, कॉटरी, सी-आर्म, भुलीचं यंत्र टेक्निशियनचं. तालुक्याच्या ठिकाणच्या वीस खाटांच्या हॉस्पिटलात ही वाटणी टिकत नाही. तिथे ट्रॉली लावणारा, सर्जनच्या हातात आर्टरी (चिमटा) ठेवणारा, निर्जंतुकीकरणाचा ऑटोक्लेव्ह चालवणारा आणि मोजणारा एकच असतो. बऱ्याचदा तो दहावीनंतर डॉक्टरांकडे कामाला लागलेला आणि त्यांच्याच हाताखाली तयार झालेला असतो. अशा माणसांना नावं ठेवण्याची फॅशन मला मान्य नाही. त्यांच्यातले कित्येक जण पदवीधरांना शिकवतील इतके तरबेज आहेत, आणि ग्रामीण महाराष्ट्रातली सिझेरियन त्यांच्या जिवावर होतात. अडचण हुशारीची नाही. त्यांचं ज्ञान एकाच सरांच्या सवयींचं असतं, आणि पोटही त्याच सरांवर असतं.

पदवीने नेमकं काय वेगळं मिळतं, हे ऑटोक्लेव्हपाशी चांगलं दिसतं. 121 अंश तापमान आणि 15 पौंड दाब हे आकडे कुणीही पाठ करील. पाकिटावरच्या टेपच्या रेघा काळ्या झाल्या की ‘झालं’ म्हणायचं, हेही बघून शिकता येतं. पण त्या रेघांवरून पाकीट उष्णतेतून गेलं एवढंच कळतं. आतले जंतू मेले का, हे पाहायला सर्वांत चिवट जीवाणूंचे बीजाणू वापरून वेगळी चाचणी करावी लागते. पाकीट ओलं निघालं तर त्या ओलाव्यातून बाहेरचे जंतू आत शिरतात, म्हणून ते वापरायचं नसतं. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेला माणूस ते पाकीट परत पाठवताना कारण देऊ शकतो. ज्याच्याजवळ कारण नाही, त्याचा नकार उद्धटपणा ठरतो.

टेबलाशेजारच्या माणसाचं ऐकल्याने शस्त्रक्रिया सुधारली, याचा दाखला जुना आहे. 1889 च्या सुमारास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये कॅरोलाइन हॅम्प्टन या शस्त्रक्रियागृहातल्या मुख्य परिचारिका होत्या. जंतुनाशक द्रावणाने त्यांचे हात सोलून निघू लागले. सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. त्या मोज्यांमुळे रुग्णांच्या जखमा कमी चिघळतात, हे लक्षात यायला आणखी काही वर्षं लागली. (हॅम्प्टन आणि हॉल्स्टेड यांनी पुढे लग्न केलं. सहायकाची प्रत्येक तक्रार इतक्या तत्परतेने ऐकली जात नाही.)

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये शस्त्रक्रियेसाठी एकोणीस कलमांची तपासयादी आणली. तिच्यामागच्या गटाचे प्रमुख होते अतुल गावंडे. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. नवी दिल्लीसह आठ शहरांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आलं. या यादीतलं एक कलम पहिल्यांदा वाचताना पोरकट वाटतं: सुरी लावण्याआधी हजर असलेल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. हेतू असा की, सुरुवातीला ज्याचा आवाज एकदा फुटला, तो पुढे अडचण दिसल्यावर गप्प राहण्याची शक्यता कमी. पुढे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ही यादी सरसकट लागू झाली. शंभरावर रुग्णालयांच्या आकडेवारीचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. या दोन निकालांवर बराच वाद झाला. माझ्या मते त्यांत विसंगती नाही. यादी एका दिवसात लागू करता येते, बोलण्याची मुभा तशी लागू होत नाही. आपल्याकडे तर मान्यतेची तपासणी जवळ आली की मागच्या महिनाभराच्या याद्या एका बैठकीत, एकाच पेनाने भरल्या जातात, हे त्या क्षेत्रातल्या कुणालाही नवं नाही.

2021 मध्ये संसदेने सहायक आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. छप्पन्न व्यवसायांच्या यादीत ओटी टेक्नॉलॉजिस्ट आहे, किमान 2000 तासांचं शिक्षण आहे, नोंदणी आहे. ही मोठी गोष्ट आहे. नोंदणी असलेला माणूस एका सरांचा राहत नाही. एक दार बंद झालं तर दुसरीकडे त्याच नोंदणीवर उभा राहू शकतो. म्हणून मी तिला रुग्णाच्या सुरक्षेचं साधन मानतो, आणि पगारवाढीची मागणीही त्यातच धरतो. पण कायद्याची व्याख्या पाहिली तर हा माणूस इतरांनी सुचवलेल्या उपचारांना साहाय्य करणारा आहे. त्या उपचारात खोट दिसली तर त्याने काय करावं, याबद्दल व्याख्या गप्प आहे.

ती जागा कायदा दुरुस्त होईपर्यंत परीक्षेत भरता येईल. ओटी टेक्निशियनच्या अंतिम प्रात्यक्षिकात इन्स्ट्रुमेंट ओळखायला लावतात, ट्रॉली लावून घेतात. त्यात एक टेबल आणखी ठेवावं. पुतळ्यावर शस्त्रक्रिया संपत आलेली, परीक्षकांनी मुद्दाम एक मॉप लपवलेला, आणि सर्जनच्या वेशातले परीक्षक वैतागून म्हणताहेत, ‘असेल तिथेच कुठेतरी, सुई दे.’ विद्यार्थी सुई देतो की नाही, त्यावर गुण. आणि सर्जरीच्या एमएसच्या परीक्षेतही हेच टेबल असावं. तिथे मोजणारा परीक्षक, आणि भावी सर्जन पोट उघडं ठेवून थांबतो की नाही, ते पाहायचं.