श्रद्धेचे मोल

श्रद्धावंत मनुष्य विचाराने बंदिस्तच असतो, हे गृहीतक आपल्याकडे सहसा तपासले जात नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण या दृष्टीने अर्थपूर्ण ठरते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीची ख्रिस्तनिष्ठा अखेरपर्यंत अढळ राहिली. ख्रिस्ताचे ईश्वरत्व त्यांच्या लेखी वादाचा विषयच नव्हते. या अर्थी ते सनातनीच होत. तथापि १९१७ मध्ये मिशनच्या सेवेतून मुक्त होऊन त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला, तेव्हा त्यात बाप्तिस्म्याची अट ठेवली नाही. ओवी-अभंगांची परंपरा आणि स्वदेशप्रीती यांचाही त्यांनी त्याग केला नाही. निष्ठेचा गाभा राखून तिचे कुंपण काढता येते, हे यातून दिसते.

परंतु एवढ्याने श्रद्धा निर्दोष ठरत नाही. साताऱ्यात जन्मलेल्या आणि सांगली-मिरजेत शिकलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी प्रश्न वेगळा केला : श्रद्धेच्या नावाने कोणाचे शोषण होते? त्यासाठी झगडत असतानाच २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांची हत्या झाली. जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर, त्याच वर्षी आला.

हा निकष टिळकांनाही लावावा लागतो. त्यांच्या धर्मांतराची किंमत केवळ त्यांनी मोजली नाही. लक्ष्मीबाईंनी काही वर्षांचा विरह सोसला. ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात श्रद्धेचा हा दुसरा हिशेब नोंदलेला आहे. श्रद्धा सत्य की असत्य, हा वाद कदाचित अनिर्णितच राहील. तिचे मोल कोण देतो, हा प्रश्न मात्र श्रद्धावंताला टाळता येणार नाही.