वीणेची तार आणि हुशार मुलाची शंका



गावच्या शाळेत पहिला आलेला आपला मुलगा शिष्यवृत्तीवर शहरातल्या कॉलेजात जातो. तेथे गणित आणि शास्त्र इंग्रजीतून समोर येते. शेजारचा भरभर लिहितो, याचे पान कोरेच राहते. महिन्याभरात तो मनाशी म्हणू लागतो, "मी हुशार नव्हतोच." ज्याला सावकाश शिकण्याची सवय असते तो असा खचत नाही. ज्याला आजवर सारे चटकन आले, त्यालाच उशीर म्हणजे अपयश वाटते.

तथागतांनी विचिकिच्छा, म्हणजे शंका, पाच नीवरणांत घातली आहे. नीवरण म्हणजे वाटेतला अडसर. अडसर दूर करायचा असतो. त्याला निकाल मानून माघारी फिरायचे नसते.

चंपानगरीचा सोण कोळिवीस हा श्रीमंताचा मुलगा, वीणावादनात निष्णात. भिक्खू झाल्यावर त्याने चंक्रमण इतके केले की तळपायांतून रक्त वाहिले. तरी चित्त मुक्त होईना. तेव्हा घरी परतावे, असे त्याच्या मनात आले. तथागतांनी त्याला विचारले, तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते काय? फार सैल सोडल्या तर? सोण नाही म्हणाला. मग प्रयत्नही तसाच सम राख, असे त्यांनी सांगितले. त्यांनी सोणाची स्तुती केली नाही की निर्भर्त्सना केली नाही. वीणेमुळे त्याला जे आधीच कळले होते, तेच नव्या साधनेला लावायला शिकवले. सोण पुढे अर्हत झाला.

आपल्या घरात ही शंका अधिक जड असते. विद्या हे तुमचे काम नव्हे, असे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. मुलगा स्वतःला तेच सांगू लागतो, तेव्हा जुनी जातिव्यवस्था त्याच्या तोंडून बोलत असते. अस्पृश्य म्हणून परमपूज्य बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले, फारशी घ्यावी लागली. पुढे मोठेपणी ते संस्कृत शिकले. पालीचा शब्दकोशही त्यांनी तयार केला. शब्दकोश एका झेपेत होत नाही; एकेक शब्द मांडत जावे लागते. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या मिळवलेल्या माणसाला त्यात कमीपणा वाटला नाही.

म्हणून मातापित्यांनो, मुलगा किंवा मुलगी सुटीत घरी आली की "तू तर हुशार, मग असे कसे झाले?" असे विचारू नका. "मागच्या महिन्यात येत नव्हते असे आता काय येते?" एवढे विचारा. आणि विद्यार्थी मित्रांनो, रात्रभर जागून तार तोडू नका, चार दिवस पुस्तक मिटून ती सैलही सोडू नका. रोज ठरल्या वेळी बसा. जे आज कळले नाही ते वहीत लिहून ठेवा आणि उद्या तेथूनच सुरुवात करा.

जुना धर्म आपण सोडला. "हे आपले काम नव्हे" हा त्याचा आवाजही सोडू या.

भवतु सब्ब मंगलं.